संकीर्णातलं माहेर

माणसानं रिटायर व्हावं, त्याला माझी हरकत नाही. सरकार तरी कोणाला मरेपर्यंत कुठं ठेवून घेते? पण रिटायर झाल्यावर घरी येताना ऑफिस तिकडंच सोडून यावं, एवढी साधी रीत आमच्या ह्यांना पाळता आली नाही. एकतीस वर्षं कचेरीच्या दप्तरखान्यात जुने कागद सांभाळले. निरोपसमारंभात हार मिळाला, नारळ मिळाला, आणि साहेब भाषणात म्हणाले की चंद्रभानजींच्या हातून एक कागद कधी हरवला नाही. ते वाक्य ह्यांच्या डोक्यात चढलं ते काही उतरलं नाही. हार सुकला, नारळाची चटणी झाली, वाक्य अजून ताजं आहे.

दप्तरखाना गेला म्हणताना हातांना खाज सुटली. आधी धान्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. ज्या डब्यावर "तूरडाळ" लिहिलं त्यात मी मुद्दाम चणाडाळ भरली, तर म्हणतात, "डबा चुकला नाही, डाळ चुकली." अशा माणसाच्या घरात नवी आलमारी आली, हे समजून पुढं वाचा.

आमच्या मुकुंदाचं लग्न ठरलं वैशाखात. मुकुंदा भिलाईला नोकरीवर. नवी सून येणार, तिच्यासमोर लाकडी फडताळ काय दाखवायचं, म्हणून इतवारीच्या बाजारातून लोखंडी आलमारी आणली. हिरवी, आरशाची. चार हमाल लागले आत आणायला, आणि पाचवे आमचे हे, "सांभाळून, सांभाळून" म्हणायला. मी मनात कप्पे वाटले होते, इथं लुगडी, इथं अंथरुणं, इथं सुनेसाठी जागा. हे म्हणाले, "वरचा कप्पा दप्तराले लागंल."

"कोणतं दप्तर?"

"घरचं."

घरचं दप्तर म्हणजे काय, तर बैठकीच्या दाराआड पाच खिळे आणि पाच खिळ्यांना पाच तारा. आमच्या पिढीत घरोघरी असत. आलेलं पत्र वाचलं की तारेत टोचायचं. खालची जुनी, वरची नवी. एक तार मुकुंदाची, ती सडपातळ, कारण त्याला आई रोज आठवत असली तरी शाई महिन्यातून एकदाच मिळते. एक आमच्या लेकीची, प्रमोदिनीची, अकोल्याची. एक लग्नपत्रिकांची. एक ह्यांच्या गावाकडची, सगळ्यांत जाड, कारण त्या लोकांना बांधाच्या भांडणाशिवाय दुसरा उद्योग नाही. आणि एक माझ्या माहेरची. ती मात्र अकरा वर्षांपासून एका कार्डानंही वाढली नव्हती. बाबा आधीच गेलेले, मग आई गेली, आणि राहिली एक धाकटी बहीण तुळसा. ती कन्हानला. इथून बसनं तासाभराचा रस्ता. पण अकरा वर्षांत त्या रस्त्यानं ना ती आली, ना मी गेले.

कारण मी सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्या प्रमोदिनीच्या लग्नाला सख्खी मावशी आली नाही. कार्ड पाठवलं. तेव्हा मला हातचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. माझी दुसरी झाली. तिसरीत मी बसले होते, पण बाबांनी उठवून तुळसाला सांभाळायला घरी ठेवलं. मी जिला कडेवर घेऊन फिरले ती चौथी शिकली, असा हा न्याय. तर कार्ड ह्यांनी वाचलं. उभ्या उभ्या, एका हातात टोपी. "तुळसाबाई लिहितात, लग्नाले येणं होत नाही. बाकी सर्व क्षेम." झालं. ना कारण, ना चुकलं-माकलं. मी म्हटलं, ठीक आहे बाप्पा, चौथी शिकलेल्या बाईला दुसरीवालीच्या घरी यायला लाज वाटत असेल. पुढं तिला मुलगी झाल्याचं बाजारात कळलं. बारशाचं बोलावणं नाही. मीही नाक खाली केलं नाही.

आता ह्या फाल्गुनात काय झालं, आमच्याकडं दरसाल कन्हान नदीच्या पात्रातली डांगरं, म्हणजे खरबुजं, घेऊन धोंडबा येतो. टोपली उतरवली, आणि डांगर ठोकता ठोकता म्हणाला, "तुळसाबाईचा निरोप आहे जी. पोराचं लगन हाय म्हणून आयकलं म्हणे."

"मग?"

"म्हणे, अक्काले सांग, लग्नाचं बोलावणं मागून दे, आधी माह्या पत्राचं उत्तर दे. अकरा वर्सं झाले वाट पाहून राहिली."

"कोणत्या पत्राचं उत्तर? तिनं इचारलं का होतं?"

"मले काय माहीत जी? मी डांगरं इकतो."

मी डांगर तसंच हातात धरून उभी. उत्तर? "येत नाही" म्हणणाऱ्या पत्राला उत्तर काय देतात? बरं, तुळसा आगाऊ आहे, पण खोटं बोलणारी नाही. मनात एकदा असा किडा शिरला की माझं खाण्यावरचं लक्ष उडतं. आणि आता मला वाचताही येत होतं. ते कसं, हे थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी धंतोलीच्या दवाखान्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर डोळ्यांवर पट्टी. पेपर वाचल्याशिवाय ह्यांचं पोट साफ होत नाही. मग कोण वाचणार? मी. आधी अक्षराला अक्षर लावून, मग शब्दाला शब्द. आणि पट्टीखालून हुकूम कसे, "शब्द सोडू नको. टेंडरची नोटीसही वाच. खाली मुद्रकाचं नाव राहिलं." पुलाच्या टेंडरपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत मी त्या माणसाला एक अक्षर कमी केलं नाही. पट्टी निघाली तेव्हा ह्यांना दिसायला लागलं आणि मला वाचायला.

तर मी हात धुतले आणि दाराआड गेले. पाच खिळे होते. तारा नव्हत्या.

"अहो, तारा कुठं गेल्या?"

हे आरामखुर्चीतून अभिमानानं उठले. "स्थलांतर झालं. पूर्ण दप्तर आलमारीत." आणि दाखवलं. वरच्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या नस्त्या, लाल फीत, वर गोल अक्षरात नावं. नस्ती एक, मुकुंद. नस्ती दोन, प्रमोदिनी. तीन, विवाहपत्रिका. चार, मूळ गाव, त्याला तर दुहेरी पुठ्ठा. मी पाहते पाहते, पाचवं काही दिसेना.

"माझं माहेर?"

ह्यांनी रजिस्टर काढलं, बोट ओलं केलं. "अनुक्रमांक पाच. संकीर्ण."

"संकीर्ण म्हणजे काय जी?"

"ज्याचा कुठंच मेळ बसत नाही, ते."

वाचकहो, मी त्या घरात तेहेतीस वर्षं भाकरी थापली. माझी आई, माझे बाबा, जिला कडेवर खेळवलं ती बहीण, ह्यांचा कुठं मेळ बसत नाही म्हणून संकीर्ण! आणि त्या संकीर्णात त्यांच्या सोबतीला कोण, तर रेडिओच्या लायसनची जुनी पावती. मी म्हटलं, अपमानाचा हिशेब मागाहून, आधी पत्र पाहू.

"काढा ते संकीर्ण."

काढायला गेले, तर जागा रिकामी. हे म्हणाले, "आहे." मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "रजिस्टरात नोंद आहे, म्हणजे आहे." मी त्यांचा हात धरून रिकाम्या जागेवर ठेवला. ह्यांनी हात काढून पुन्हा रजिस्टरावर ठेवला. "पाहा, नोंद आहे. तू असं कर, काय पाहिजे, कोणत्या तारखेचं, कशासाठी, हे एका कागदावर लिहून दे. म्हणजे शोध रीतसर सुरू करता येईल."

मी दिलं लिहून. माझ्या हातचा पहिला अर्ज नवऱ्याच्या नावानं गेला. "माझे माहेर हरवले आहे. संध्याकाळपर्यंत सापडले नाही तर स्वयंपाक होणार नाही." अर्ज तातडीचा ठरला.

शोध सुरू झाला म्हणजे बातमी भिंतीपलीकडं गेली. पलीकडं भैय्याजी राहतात. रेल्वेतून रिटायर. दोन रिटायर माणसं एका कामाला लागली की त्या कामानंच राजीनामा द्यावा. भैय्याजींनी आलमारीला कान लावला, बोटानं ठोकून पाहिलं, जसं काही धोंडबाचं डांगर, आणि म्हणाले, "चंद्रभानजी, आलमारी मे चोरकप्पा राह्यते. मागून. कागद घसरून तिथं जाते. ये लोहेवाले सांगत नाहीत कोणाले."

"मग?"

"मग काय, पलटवा."

मी म्हटलं, "चार हमाल लागले होते, भैय्याजी."

"वहिनी, हमालाले ताकद राह्यते. आपल्याले टेक्निक हाय."

टेक्निकनं आलमारी फिरली. अर्धं घर हादरलं, आरशात एकदा छत दिसलं, एकदा भैय्याजींचं लाल तोंड दिसलं, आणि आलमारी पाठ आमच्याकडं आणि तोंड भिंतीकडं करून घट्ट बसली. मागं सपाट पत्रा. चोरकप्पा नाही. "बरं, आता सीधी करू," म्हणून भैय्याजी वाकले आणि तसेच राहिले. कमरेत उसण. त्यांना कसंबसं खाटेवर नेलं, आणि एकट्या ह्यांच्यानं आलमारी सुतभर हलेना. माझी सगळी लुगडी आत, दार भिंतीला चिकटलेलं. अंगावर होतं ते एक, स्वयंपाकघरातलं, पदरावर हळदीचा हा एवढा डाग. मी ह्या वस्तीत डाग नसलेल्या पदरासाठी प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध होते.

तेवढ्यात आवाज ऐकून समोरच्या यमुताई आल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, सोवळ्या, बोलायला गोड, आणि दुसऱ्याच्या घरातलं अमंगळ शोधण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही अशा. काय हरवलं विचारलं. मी म्हटलं, "पत्रांचा गठ्ठा. कार्डं. ह्याच आलमारीतला." यमुताईंचा चेहरा असा झाला की मी विचारायच्या आधीच त्या खाली बसल्या.

"कौशल्याबाई, म्हणजे ती तुम्हाला... हवी होती?"

"काहून? तुम्ही पाहिली का?"

"अहो, गेल्या गुरुवारी आलमारीची पूजा होती. मी हळदीकुंकू वाहायला वरचा कप्पा उघडला. बाकीचं सगळं पुठ्ठ्यात होतं. हा एकच गठ्ठा उघडा. पाहते तर एकेका कार्डाचा कोपरा कापलेला! एकूण एक! माझ्या पायाखालची जमीन सरकली. इतकी माणसं गेली आणि तुम्ही ती सगळी कार्डं घरात ठेवलीत? लग्नघरात, नव्या आलमारीत?"

कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. कोपरा दिसला की उभ्यानं वाचायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि कार्ड फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही. माझ्या आईच्या पत्रांचे कोपरे कोण कापणार? मी हळूच ह्यांच्याकडं पाहिलं. हे छताकडं पाहून राहिले होते.

"अहो."

"दप्तरखान्याची पद्धत आहे ती," हे म्हणाले. "कागद जुन्या जागेवरून नव्या जागी गेला की उजवा कोपरा कापायचा. म्हणजे कोणता हलवला, कोणता राहिला, घोळ होत नाही. मी सगळ्याच पत्रांचे कापले."

"आणि सगळ्यांना पुठ्ठा, माझ्याच माहेराला काहून नाही?"

"संकीर्णाले पुठ्ठा मिळत नाही. तसा नियमच आहे."

पाहा. पुठ्ठा असता तर यमुताईंना कोपरे दिसते का? साहेबांनी कौतुक केलेल्या माणसानं माझ्या जिवंत बहिणीला कैचीनं मारलं होतं.

"मग तुम्ही काय केलं यमुताई? फाडली?"

"दुसऱ्याची पत्रं मी कशी फाडू? म्हटलं सक्करदऱ्याच्या तलावात सोडून येते. तुमच्या घरचं अरिष्ट, तुम्हाला कशाला सांगून वाईट वाटू द्यायचं. रिक्षा केली. तलावाशी उतरले, हात जोडले, आणि पाहते तर गठ्ठा रिक्षातच राहिला! रिक्षा गेलेली. मी म्हटलं, जाऊ दे, पाण्यात काय आणि रिक्षात काय, घराबाहेर गेलं ना."

यमुताई नेहमी चौकातल्या स्टँडवरच्या बळीरामचीच रिक्षा करतात. मी डागाचा पदर दुसऱ्या खांद्यावरून ओढून घेतला आणि निघाले. हे मागून चपला शोधत. बळीराम चाकात हवा भरून राहिला होता.

"तो पत्राचा गठ्ठा ना जी? सापडला मले शिटवर." चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद. "म्हातारी बाई पोष्टात टाकाले निघाली असंल, इसरली असंल. मी देल्ला टाकून."

"कुठं?"

"पोष्टाच्या लाल डब्यात. एकेक करून टाकले जी. एकदम टाकले तर अटकते."

इमानदार माणूस ह्या जगात फार नुकसान करतो.

पोष्टात खिडकीवर एक चष्मेवाले बाबू होते. त्यांनी हळदीचा डाग पाहिला आणि सांगून टाकलं, "मनिऑर्डर दोन नंबरच्या खिडकीवर." मी म्हटलं, मला पत्रं परत पाहिजेत, डब्यात पडली आहेत.

"डब्यात पडलं ते पोष्टाचं. कोणी लिहिली?"

"माझ्या आईनं. काही बहिणीनं."

"मग आईला अर्ज द्यायला सांगा."

"आई वारली."

"केव्हा टाकली पत्रं?"

"काही तीस वर्षांपूर्वी, काही अकरा. आणि सगळी गेल्या गुरुवारी."

बाबूंनी चष्मा काढला. मग ह्यांच्याकडं वळले, पुरुष आहे, शहाणा असेल म्हणून. हे पुढं झाले आणि म्हणाले, "रजिस्टरात नोंद आहे." मी ह्यांना बाजूला केलं आणि कोपऱ्यांची सगळी कहाणी सांगितली. कोपरे म्हणताच बाबूंचा आवाज खाली आला.

"सत्तावीस कार्डं? म्हणजे ती तुमची होय? बाई, इतकी मयतं एकदम पाहून आमच्याकडं दोघं जण जेवले नाहीत. टिकीट जुनं होतं, शिक्का जुना होता, सगळी बैरंग करायला पाहिजे होती. पण मयताच्या पत्रावर कोणी पैसे घेते का? आम्ही म्हटलं, कोणत्या तरी घरावर आभाळ कोसळलं आहे, बाकीचं मागून पाहू. पहिल्या खेपेला पाठवून दिली."

"कुठं पाठवली?"

"पत्त्यावर."

पत्ता महाल मोहल्ल्यातला. आम्ही सहा वर्षांपूर्वी तिथल्या भाड्याच्या खोल्या सोडल्या.

महालात गेलो तर आमच्या जुन्या दाराशी कोणी अंजनाबाई म्हणून उभ्या, तिशीच्या असतील. मी नाव सांगितलं, तर बाईनं माझे दोन्ही हातच धरले, जशी काही जन्माची ओळख.

"तुम्हीच का वं कौसीमावशी! या ना, आत या. अहो, परवा पोष्टमन गठ्ठाच देऊन गेला. सासूबाईंनी कोपरे पाहिले आणि बोंबच मारली. घरातल्या नऊ माणसांनी डोक्यावरून पाणी घेतलं. चूल विझवली. पोरं रडायला लागली. मग कुठं सासरे म्हणाले, रडता ते रडा, पण मेलं कोण ते तर वाचा!"

"मग?"

"मग वाचलं. मेलं कोणीच नाही! पहिल्या कार्डात शेवया पाठवल्या होत्या." अंजनाबाई हसता हसता एकदम थांबल्या. "मग थांबवेना, मावशी. दोन दिवस वाचून राहिलो सगळे. तुमच्या आईनं कोणाकडून लिहून घेतली असतील, पण बोलणं काय गोड आहे. आणि ते जावयाच्या नाकाचं!"

"कोणत्या नाकाचं?"

"ते नाही का, 'कौसीले लेकरू झालं, आनंद झाला. नाक कोणावर गेलं ते कळवा. आपल्याकडचं असंल तर बरं, जावयाचं असंल तर रोज तेल लावून दाबत जा.'"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. त्या नाकानं तेव्हा शेंड्यापर्यंत लाल होऊन दाखवलं. मला आठवलं, ते कार्ड ह्यांनी वाचलं होतं असं: "लेकरू झाल्याचा आनंद झाला. बाकी सर्व क्षेम." सत्तावीस कार्डं. आणि माझ्या आईचं बोलणं मी किती ऐकलं होतं? दर कार्डामागं दीड ओळ.

अंजनाबाईनं पाणी आणलं, गठ्ठा आणला, आणि सहज, जसं एखाद्या शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "मावशी, मग तुम्ही गेल्या होत्या का शेवटी कन्हानले? आम्ही सगळे तेच बोलून राहिलो होतो. सासूबाई म्हणतात, गेलीच असंल, बहीण आहे ना."

मी गठ्ठा हातात घेतला. गठ्ठ्यात सगळ्यांत वरचं कार्ड तुळसाचं. अक्षर बारीक, कडेकडेनं उभं लिहून जागा भरलेली. मी खिडकीशी गेले आणि वाचलं. टेंडरच्या नोटिशीसारखं, एकही शब्द न सोडता.

"अक्काले तुळसाचा नमस्कार. प्रमोदिनीच्या लग्नाले येणं होत नाही. मले सातवा लागला आहे. आधीचे दोन गेले ते तुले माहीत. डाक्टरीणबाईनं पलंगावरून पाय खाली ठेवू नको म्हणून सांगितलं. इथं कोणी नाही, मले फार भेव लागते. लगन आटपलं की तू ये. दोन दिवस ये. तू लहानपणी भेव लागलं की पाठीवर हात ठेवत होतीस तसा ठेव, म्हणजे हे टिकंल. रोज बसच्या टायमाले खिडकीतून पाहत असते. येत नसशीन तर तसं कळव, म्हणजे पाहणार नाही. उत्तर धाड."

उत्तर धाड.

मी कार्ड पदरात बांधलं. अंजनाबाईला म्हटलं, "नव्हती गेली, बाई. आता जाते." घरी येईपर्यंत मी ह्यांच्या दहा पावलं पुढं चालले, आणि ज्यांनी माझ्याबरोबर संसार केला त्यांना ठाऊक आहे की त्याचा अर्थ काय. हे दोनदा म्हणाले, "सापडलं तर खरं." तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

घरी मी ह्यांना त्या आलमारीच्या पाठीसमोर खुर्चीवर बसवलं आणि कार्ड हातात दिलं. ह्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला, चष्म्याला काही झालं नसताना.

"कचेरीत जायची घाई होती," हे म्हणाले. "घरात लग्न. दिवसाले वीस वीस पत्रं येत. मी मजकुराचा सारांश सांगितला. येणं होत नाही, हे काही खोटं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मी माफीचं पत्र लिहितो तुळसाबाईंले. आत्ता लिहितो."

"तुम्ही लिहू नका. तुम्ही लिहिलं की ते दोन ओळींचं होते."

त्या दिवशी मी पाचवी तार शोधून काढली. फडताळाच्या मागं पडली होती. सत्तावीस कार्डं एकेक करून जुन्याच भोकातून टोचली आणि दाराआड खिळ्याला टांगली. टोचता टोचता प्रत्येक वाचलं, मोठ्यानं, हे ऐकत असताना. नाकाचं दोनदा. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मधे एकदा मी एक ओळ गाळून पुढं जायला लागले तर हेच म्हणाले, "थांब, पाणी घे. पण सोडू नको काही." तेवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

सकाळी यमुताई स्वतः एक लुगडं घेऊन आल्या, हिरवं, जरीच्या काठाचं, त्यांच्या मुलीच्या ओटीचं. म्हणाल्या, "बहिणीकडं डागाचा पदर नेऊ नका. आणि परत द्यायची घाई नाही." मी नेसले. धोंडबाचं एक डांगर पिशवीत घेतलं, कन्हानचं डांगर कन्हानला, पण मोकळ्या हातानं कुठं जाऊ? भाचीसाठी प्रमोदिनीच्या लहानपणचा एक चांदीचा वाळा शोधला, मग लक्षात आलं की भाची आता दहा-अकरा वर्षांची आहे, वाळा कुठल्या पायात जाणार. तरीही घेतला.

हे ओट्यावर उभे. पलीकडून खाटेवरून भैय्याजी ओरडले, "वहिनी, कन्हानची बस चौकात नाही थांबत, पुढं थांबते!" ते चूक होतं, पण त्यांची कमर पाहून मी सोडून दिलं.

हे म्हणाले, "चार दिवस लागतील का वं? आलमारी सीधी कोण करंल? माही धोतरं आत आहेत. आणि तुळसाबाई रागावल्या तर? तू तिथं काय सांगशीन? मले काही तरी सांगून तर जा."

मी पायरी उतरले, पिशवी ह्या हातातली त्या हातात घेतली, आणि वस्तीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"सारांश ऐका. मी चालली. तुम्ही माणूस वाईट नाही, पण आजपासून माह्या घरात तुमची नोंद संकीर्णात, आणि पुठ्ठा मिळणार नाही. तिथून पत्र टाकीन, ते खाली बसून, टोपी बाजूले ठेवून, मुद्रकाच्या नावापर्यंत वाचा, आणि उत्तर धाडा. बाकी सर्व क्षेम."